आधी पालथं करायचं

आधी पालथं करायचं.
चेहरा नंतर. चेहरा फसवतो,
मेंढपाळीण कुठल्याही देशाची असो, हसते तशीच.
तळावरून अंगठा फिरवायचा:
झिलईखालचा शिक्का बोटाला लागत नाही,
पाण्याखालचा खडा दिसावा तसा नुसता दिसतो.

झेन्सव्हिल, ओहायो. लुथरन चर्चचं तळघर,
फेब्रुवारी, खोकणारा हीटर,
आणि माझ्या टेबलाशी युडोरा लिंट्झबाई
बुटांची दोन खोकी घेऊन.
वर्तमानपत्रात गुंडाळलेले अठ्ठेचाळीस जीव,
बायका, बाप्ये, कुत्री, बदकं,
वर एक चहाचा संच,
मुंगीला एक घोट पुरेल एवढा.
"यांनी आणले. दर पगाराला एक.
मला कधीच आवडले नाहीत," म्हणतात,
आणि प्रत्येकावरचा कागद असा सोडवतात
जसं झोपलेल्याच्या अंगावरून पांघरूण काढावं.

मी सांगत जाते.
बोटं बघा, सुटी सुटी असतील तर किंमत चढते,
एकमेकांना चिकटलेली असली की समजायचं, घाईचं काम.
केसांवरचं सोनं घासलंय का.
मानेशी नखानं टिचकी मारा,
सांधलेली असेल तर बद्द वाजेल.

"हे लाल अक्षरात काय?"
त्यांना चष्मा सापडत नाही.
मेड इन ऑक्युपाइड जपान.
ताब्यातल्या जपानात बनलेलं.
सत्तेचाळीस ते बावन्न, एवढीच पाच वर्षं.
या चार शब्दांतल्या एकाच शब्दाचे पैसे आहेत, बाई.
तो नसेल तर ही नुसती बाहुली.

माझी आई सेतोत डोळे काढायची.
गाल दुसरीकडे, ओठ तिसरीकडे,
आईकडे डोळे. डझनावर मजुरी.
निळा डोळा तिनं जन्मात एकदाच पाहिलेला,
जीपमधून च्युइंगगम फेकणाऱ्या पोराचा,
तोही उन्हानं अर्धा मिटलेला.
उपाशीपोटी हात स्थिर राहतो, म्हणायची.
भरल्या पोटी कसा राहतो
हे तेव्हा गावात कुणालाच आठवत नव्हतं.
तिची एक खोड होती,
डाव्या भुवईला शेवटी काकणभर उचल.
मुकादमाच्या कधी लक्षात आली नाही.
तीस वर्षं मी ती भुवई शोधतेय.
गिऱ्हाइकांना सांगत नाही;
सांगितलं की भाव ठरवताना हात हलका होतो.

शेवटचा व्हायोलिनवाला.
हाच सगळ्यांत महाग, बाई म्हणतात,
एकोणऐंशी साली अठरा डॉलर, माझ्या चोरून.
पावती नंतर कोटात सापडली.
पालथा केला. शिक्का जरा जास्तच काळा,
आणि बोटाला लागतोय.
कापसाच्या बोळ्यावर नेलपॉलिश रिमूव्हर,
एक फेर, दुसरा.
आधी ऑक्युपाइड गेलं. मग जपान.
मेड इन तेवढं थोडा वेळ राहिलं.
कापूस काळा, तळ पांढराफेक,
कुणाचाच नाही.
"नकली?"
बाहुला कुठला कोण जाणे. शिक्का मागाहून मारलेला,
भाव यावा म्हणून.
"मग आता?"
चाळीस आले असते. आता पाच.

बाई बराच वेळ हसतात,
खोकला लागेपर्यंत.
"सुटला बिचारा, आणि लगेच स्वस्त झाला."

मी बेरीज मांडते: दोनशे अकरा डॉलर,
चहाच्या संचाची एक कपबशी धरली नाही, टवका उडालाय.
"तुमच्या घरी असतील ना असल्या पुष्कळ?"
एकही नव्हती, मी म्हणते.
भट्टीतून निघाल्या की पेटीत, पेटीतून बोटीवर.
तुटलेल्याही मोजून परत घेत.

त्या व्हायोलिनवाल्याला कागदात गुंडाळू लागतात,
थांबतात,
आणि माझ्या पट्टीशेजारी उभा करून ठेवतात. "घ्या."
सवयीनं पुन्हा पालथा करणार होते.
नाही केला. दिव्याखाली चेहरा धरला.
भुवया दोन्ही सरळ.

तरी घेतला.